नेमणुकीचा फोटो निघतो, पगारपत्रकाचं काय?

ट्रान्सजेंडर व्यक्तीला कुणी कामावर घेतलं की त्याची बातमी होते. हातात नियुक्तिपत्र, शेजारी साहेब, मागे फलक. फोटो खोटा नसतो, साहेबांचा हेतूही बहुधा चांगलाच असतो. फक्त सहा महिन्यांनी ती व्यक्ती त्याच खुर्चीवर आहे का, हे बघायला परत कुणी जात नाही.

२०१७ मध्ये कोची मेट्रो सुरू झाली तेव्हा वीसेक ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांची एकदम नेमणूक झाली. देशभर कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. थोड्याच दिवसांत त्यांतल्या आठ जणांनी काम सोडलं. काम जमत नव्हतं म्हणून नव्हे. शहरात त्यांना भाड्याने खोली मिळेना, आणि लॉजवर रोजचे पैसे मोजून पगारातून काही उरेना. मेट्रोने नोकरी दिली होती, पण रोज सकाळी त्या नोकरीवर पोचायचं कसं, हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नव्हता.

आपली सगळी चर्चा अजून भरतीपाशीच घुटमळते: किती जणांना घेतलं, आरक्षण द्यावं की नाही, पोलिसात घ्यावं की नाही. भरती महत्त्वाची आहेच. पण गळती होते ती नंतर, आणि उघड द्वेषाने होते तितकीच रकान्यांनी होते. अर्जातला रकाना, पगाराच्या सॉफ्टवेअरमधला रकाना, गेटवरच्या रजिस्टरमधला रकाना. द्वेषावर औषध शोधायला पिढ्या लागतात. रकाना आठवड्यात बदलता येतो, आणि तरीही तो बदलला जात नाही. तक्रार आहे ती याबद्दल.

कायदा नाही असं म्हणायची सोय नाही. स्वतःची लिंगओळख ठरवायचा ट्रान्सजेंडर व्यक्तीचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा ‘नालसा’ निकाल १५ एप्रिल २०१४ चा. संसदेने २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा केला आणि १० जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. भरती, बढती किंवा नोकरीच्या कुठल्याही बाबतीत भेदभाव करता येणार नाही, असं कलम ९ म्हणतं. कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने एक तक्रार अधिकारी नेमायचा आहे. ‘आस्थापना’ या शब्दात सरकारी खातंही आलं आणि खासगी कंपनी, भागीदारी फर्म, सहकारी संस्थाही आली. २०२० च्या नियमांत तपशील आहेत: समान संधी धोरण लिहून जाहीर करायचं, तक्रार आल्यापासून १५ दिवसांत चौकशी पुरी करायची, अहवाल मिळाल्यावर प्रमुखाने पुढच्या १५ दिवसांत कारवाई करायची.

कागदावर हे चोख आहे. घोडं अडतं ते शिक्षेपाशी. २०१९ च्या कायद्यातलं कलम १८ वेठबिगारी, सार्वजनिक जागी मज्जाव, घरातून किंवा गावातून हुसकून लावणं, शारीरिक-मानसिक इजा यांना सहा महिने ते दोन वर्षं कैद सांगतं. नोकरी नाकारणं किंवा नोकरीवरून काढणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा नाही. तक्रार अधिकारीच नेमला नाही, तर मालकाला दंड किती? त्याचाही आकडा नाही. मग पॉश कायद्याची (कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) समिती नेमायला धावणारी एचआर खाती या कलमाकडे बघतच नाहीत, यात नवल ते काय. पॉशमध्ये समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, वार्षिक अहवाल आहे. इथे नुसतं ‘नेमावा’.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जेन कौशिक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला हेच सुनवावं लागलं. एका ट्रान्स शिक्षिकेला उत्तर प्रदेशातल्या एका शाळेतून काही दिवसांतच बाहेर पडावं लागलं होतं, आणि गुजरातमधल्या दुसऱ्या शाळेने नोकरी देऊ करूनही रुजू करून घेतलं नव्हतं. न्यायालयाने भरपाई दिली, अंमलबजावणीबद्दल सरकारांचे कान उपटले आणि समान संधी धोरणाचा मसुदा करायला निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कायदा होऊन सहा वर्षं झाल्यावर धोरणाच्या मसुद्यासाठी समिती नेमावी लागते, यातच सगळं आलं.

आता रकान्यांकडे. इथे जरा रेंगाळायला हवं, कारण भाषणांत हा भाग कधीच येत नाही.

नोकरीत असताना नाव आणि लिंगनोंद बदलायची म्हणजे एक साखळी ओढायची. जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, मग आधार, मग पॅन, मग बँक खातं, मग पीएफचा यूएएन (सभासदाचा कायमचा खाते क्रमांक), ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्यविमा), गटविमा आणि शेवटी कंपनीची स्वतःची नोंद. क्रम चुकला की साखळी मधेच अडते. आधी बँकेत नाव बदललं आणि आधार जुनंच राहिलं, तर केवायसी लटकतं. आधार बदललं आणि पॅन राहिलं, तर दोन्ही जोडताना नाव, जन्मतारीख किंवा लिंग जुळत नाही म्हणून जोडणी होत नाही. जोडणीअभावी पॅन निष्क्रिय झालं की पगारातून टीडीएस चढ्या दराने कापला जातो. आधार नवं आणि यूएएन जुना असेल, तर नोकरी सोडल्यावर पीएफ काढायच्या वेळी दावा परत येतो. हे शेवटचं सगळ्यांत वाईट, कारण चूक झालेली असते आज आणि कळते चार वर्षांनी. तोवर जुन्या कंपनीत सही करणारं माणूस बदललेलं असतं.

आधारची एक मर्यादा आधीच माहीत असावी. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि लिंगनोंद एकदाच. त्यापुढे विशेष मंजुरीची पायपीट. म्हणून नवं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत कसं लिहायचं, आडनाव ठेवायचं की नाही, हे पहिल्या अर्जाआधी कागदावर लिहून ठरवावं. महाराष्ट्रात यात आणखी एक गुंता आहे तो मधल्या नावाचा. आपल्याकडे नाव तीन भागांचं, आणि मधला भाग वडिलांचा. घरातून बाहेर काढलेल्या मुलीला किंवा मुलाला तो भाग नको असतो. बऱ्याच फॉर्मना मात्र तो हवाच असतो, आणि रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही. मग कुणी टिंब टाकतं, कुणी ज्यांच्या डेऱ्यात राहतं त्या गुरूचं नाव घालतं, कुणी आडनावच दोनदा लिहितं. तीन ठिकाणी तीन तऱ्हा झाल्या की त्या माणसाची संगणकाच्या लेखी तीन माणसं झालेली असतात.

यात मालकाने करायचं काम छोटं आहे, पण नेमकं आहे. कंपनीच्या नोंदींत दोन नावं वेगळी ठेवायची: कायदेशीर नाव आणि हाक मारायचं नाव. कायदेशीर नाव लागतं पगारपत्रक, बँक, पीएफ, ईएसआय, गटविमा आणि कर एवढ्याच जागी. बाकी ओळखपत्र, ईमेल, हजेरीच्या यंत्रावर उमटणारं नाव, ड्यूटीचा तक्ता, टेबलावरची पाटी, या सगळ्याला कुठलाही सरकारी कागद लागत नाही. पहिल्या दिवसापासून तिथे नवं नाव चालू शकतं. तरीही ‘आधी नावबदलाचं गॅझेट आणा’ हे उत्तर सर्रास दिलं जातं. ते देणाऱ्याला बहुधा नियम माहीत नसतो, आणि विचारायला जायचा कंटाळा असतो.

ईमेलचं उदाहरण बघा. आयटी खातं समोर दिसणारं नाव बदलतं, पण लॉगिनचा पत्ता जुन्या नावाचाच ठेवतं. बाहेरच्या ग्राहकाला मेल गेला की वर नवं नाव, खाली पत्त्यात जुनं. दोन ओळींत त्या व्यक्तीचा सगळा इतिहास परक्या माणसाच्या पडद्यावर उघडा पडतो. जुना पत्ता आतल्या आत नव्याकडे वळवता येतो. कुठल्याही मेल यंत्रणेत हे काम दहा मिनिटांचं आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांसाठी हे रोज केलं जातं, एवढी आठवण करून दिली तरी पुष्कळदा पुरतं.

पगाराच्या सॉफ्टवेअरमधला लिंगाचा रकाना मात्र नुसता सजावटीचा नाही, त्यावर पैसे हलतात. महाराष्ट्रात व्यवसाय कर बायकांना महिना २५,००० रुपये पगारापर्यंत माफ आहे. पुरुषाला १०,००० च्या वर गेलं की वर्षाला २,५०० भरावे लागतात. १८,००० रुपये पगाराच्या ट्रान्स स्त्रीचं (जन्माची नोंद पुरुष, ओळख स्त्री) काय? ‘स्त्री’ निवडलं तर शून्य, ‘पुरुष’ राहिलं तर अडीच हजार, आणि ‘ट्रान्सजेंडर’ निवडलं तर? कराच्या अनुसूचीत दोनच ओळी आहेत, म्हणून सॉफ्टवेअर मुकाट्याने पुरुषाची ओळ उचलतं. रक्कम मोठी नाही. पण राज्य सरकारने एका ओळीचं परिपत्रक काढलं तर सुटणारा हा प्रश्न प्रत्येक लेखापाल आपापल्या मर्जीने सोडवतो आहे, हे काही बरोबर नाही.

पीएफच्या वारसनोंदीत आणखी खोल खड्डा आहे. १९५२ च्या योजनेत ‘कुटुंब’ म्हणजे कोण, हे पुरुष सभासदासाठी वेगळं आणि स्त्री सभासदासाठी वेगळं लिहिलं आहे. तिसऱ्या कुणाचा विचारच नाही. शिवाय कुटुंब असेल तर वारस कुटुंबातलाच हवा. ज्यांनी घराबाहेर काढलं त्यांच्याच नावे पैसे लावायचे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. त्यातून एक वाट आहे. आईवडील सभासदावर अवलंबून असतील तरच ते व्याख्येत येतात. ते अवलंबून नसतील आणि जोडीदार, मुलं नसतील, तर सभासदाला योजनेच्या अर्थाने कुटुंब नाही, आणि मग मैत्रीण, गुरू, कुणाचंही नाव लावता येतं. हे रुजू होतानाच समजावून सांगायला हवं. फॉर्म भरून घेणारा कारकून ‘आईचं नाव टाका, नंतर बघू’ म्हणतो, आणि ते ‘नंतर’ येतं मृत्यूनंतर.

नवीन नोकरी लागताना पूर्वीच्या नोकरीची पडताळणी होते, आणि जुनं नाव सगळ्यांत जास्त फुटतं ते तिथे. अनुभवपत्र जुन्या नावाचं, दहावीचं प्रमाणपत्र जुन्या नावाचं. पडताळणी करणारी बाहेरची एजन्सी जुन्या ऑफिसला फोन लावते, दोन्ही नावं एका दमात उच्चारते, आणि फोन उचलणारा शेजारच्याला सांगतो. उपाय असा: नावबदलाचा पुरावा एचआरमधल्या एकाच ठरलेल्या माणसाकडे बंद पाकिटात, एजन्सीला फक्त जुनं नाव आणि नोकरीचा काळ, आणि अहवाल त्याच माणसाच्या हाती. जुन्या मालकाने नव्या नावाचं अनुभवपत्र द्यावं. त्याला त्यासाठी एक कागद आणि एक सही लागते.

आता शौचालय. हा विषय निघाला की सभागृहात एक तर हशा पिकतो नाही तर शांतता पसरते. दहा तासांच्या पाळीत शौचालयाला जाता येत नसेल तर माणूस पाणी प्यायचं थांबवतो. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, मग रजा, मग ‘हे लोक नियमित येत नाहीत’ असा शेरा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांसाठी शौचालयाची वेगवेगळी सोय सांगितली आहे. उल्लेख झाला हे स्वागतार्ह. पण तिसरी पाटी लावलेलं वेगळं दार हा उत्तम उपाय नव्हे, असं स्पष्ट म्हणायला हवं. चारशे लोकांच्या कारखान्यात त्या दारातून आत जाणारं एकच माणूस असेल, तर ते दार म्हणजे रोज चारदा केलेली जाहीर घोषणा. ट्रान्स पुरुष (जन्माची नोंद स्त्री, ओळख पुरुष), ज्याच्याबद्दल शेजारच्या मशीनवरच्यालाही माहीत नाही, तो त्या दाराकडे कधीच फिरकणार नाही. त्यापेक्षा बरं असं: एका माणसापुरती खोली, जमिनीपासून वरपर्यंत भिंत, आतून कडी, आत बेसिन, आणि पाटीवर फक्त ‘शौचालय’. ती कुणीही वापरावी. अपंग कर्मचारीही वापरतील, बाळाला घेऊन आलेली आईही वापरेल.

बऱ्याच ठिकाणी अपंगांसाठीच्या शौचालयाकडे बोट दाखवलं जातं. चालेल, फक्त त्याला कुलूप नसावं. किल्ली सिक्युरिटीकडे असली, तर दरवेळी ती मागावी लागते आणि मागताना कारण सांगावं लागतं. आणि पुरुषांच्या शौचालयातल्या निदान एका खोलीत झाकणाची कचराकुंडी ठेवावी. काही ट्रान्स पुरुषांना पाळी येते. ही कुंडी नसल्याने किती जण वापरलेलं पॅड दिवसभर खिशात घेऊन फिरतात, याचा विचार कुठल्याही बैठकीत झालेला नसतो.

महिला सहकाऱ्यांना संकोच वाटेल, हा आक्षेप नेहमी पुढे येतो. तो हसण्यावारी नेऊ नये. बहुतेक ठिकाणी बायकांच्या शौचालयाची दारं खालून फुटभर उघडी, कड्या मोडक्या, दिवे गेलेले असतात. संकोचाचं खरं मूळ तिथे आहे. दारं पूर्ण उंचीची करा, कड्या नीट बसवा. संकोच पुष्कळ ओसरतो, आणि फायदा सगळ्यांचा होतो. उरतो तो संवाद, आणि तो ट्रान्स कर्मचाऱ्याला समोर उभं करून करायचा नसतो. ‘तुमच्यात एक तृतीयपंथी येणार आहेत, नीट वागा’ अशी सभा घेणारे व्यवस्थापक स्वतःला पुरोगामी समजतात. त्या व्यक्तीने स्वतःहून सांगायचं की नाही, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

गेटवरची झडती आणि रात्रीची गाडी हे थोडक्यात. झडती कुणी घ्यावी हे कर्मचाऱ्याने एकदाच लेखी सांगावं, तशी नोंद गेटवर असावी, आणि सुरक्षा एजन्सी बदलली की ती नव्या एजन्सीला मिळावी. नेमकं इथेच विसरलं जातं. रात्रपाळीत बायकांना घरापर्यंत गाडी असते. ट्रान्स स्त्री आधारवर ‘स्त्री’ नसेल तर तिचं नाव त्या यादीत येत नाही, आणि रात्री दोन वाजता रस्त्यावर सगळ्यांत जास्त धोका तिलाच असतो. यादी नोंदीवरून न करता मागणीवरून करावी.

तक्रारीच्या वाटेवर एक फाटा आहे तो माहीत नसतो. पॉश कायदा ‘पीडित महिला’ असे शब्द वापरतो. ट्रान्स स्त्रीला त्या समितीकडे जाता येतं की नाही यावर समित्या वाद घालत बसतात. ट्रान्स पुरुषाला तर तो रस्ताच नाही. त्यामुळे २०१९ च्या कायद्यातला तक्रार अधिकारी ही अनेकांची एकमेव खिडकी उरते, आणि तीच बंद असते. जिथे अधिकारी नेमलेला असतो, तिथे तो बहुधा एचआर प्रमुखच असतो, म्हणजे ज्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार आहे तोच. कंपनीच्या धोरणात छळाची व्याख्या लिंगनिरपेक्ष करायला कायद्याची आडकाठी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या विनियमांत हा विचार केलेला आहे. छळात काय येतं हेही लिहावं: मुद्दाम जुन्या नावाने हाक मारणं, शस्त्रक्रियेबद्दल विचारणं, मोबाइलवर जुना फोटो फिरवणं. ‘गंमत केली’ हे उत्तर मग चालत नाही.

गटविम्यात ‘लिंगबदल उपचार’ हा प्रमाणित अपवादांच्या, म्हणजे ज्यांचा खर्च विमा देत नाही अशा बाबींच्या, यादीत असतो. मोठ्या कंपन्या जादा हप्ता भरून तो अपवाद काढून टाकायला लावू शकतात. लहानांना ते जमेलच असं नाही. रजा मात्र कुणालाही जमते. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर बैठ्या कामावर दोन ते चार आठवड्यांत परतता येतं, ओझी उचलायची असतील तर सहा आठवडे लागतात. जननेंद्रियाच्या शस्त्रक्रियेला दोन ते तीन महिने धरावे. ही साधी वैद्यकीय रजा आहे, आणि अर्जावर ‘शस्त्रक्रिया’ एवढाच शब्द पुरे. कसली शस्त्रक्रिया, हे वरिष्ठाने विचारू नये.

एक गोष्ट पैशाची, जी चांगल्या मनाच्या मालकांनाही सुचत नाही. मागून किंवा बधाईवर (बारसं-लग्नात आशीर्वाद देऊन मिळणाऱ्या पैशावर) जगणाऱ्या व्यक्तीचं उत्पन्न रोजचं आणि रोख असतं. नोकरी धरली की पहिला पगार तीस-पस्तीस दिवसांनी, तोही खातं उघडलेलं असेल तर. मधल्या महिन्यात खोलीची अनामत, भाडं, जाण्यायेण्याचा खर्च, कपडे, आणि गुरूच्या डेऱ्याचं देणं. त्या महिन्यात माणूस परत सिग्नलवर दिसला की ‘यांना कष्ट नकोत’ म्हणायला सगळे मोकळे. पहिले दोन महिने पगार आठवड्याला द्यावा किंवा अर्धा पगार उचल म्हणून द्यावा, आणि भाडेकरारासाठी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र द्यावं. असं पत्र पाहून एखादा घरमालक तरी दार उघडतो.

आरक्षणाबद्दल मत विचाराल तर ते समांतर हवं. कर्नाटकाने २०२१ मध्ये प्रत्येक प्रवर्गात १ टक्का ठेवून ते केलं. मध्य प्रदेशाप्रमाणे सगळ्यांना ओबीसीत घातलं, तर दलित ट्रान्स उमेदवाराला जात आणि लिंगओळख यांतून एक निवडावं लागतं. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात वेगळा पर्याय आणि शारीरिक चाचणीचे निकष यावेत म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सरकारला फटकारावं लागलं होतं. २०११ च्या जनगणनेत राज्यात ४०,८९१ जणांनी आपली नोंद ‘इतर’ अशी केली होती, आणि तरीही अर्जात एक रकाना वाढवायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

‘एका माणसासाठी एवढा खटाटोप?’ असं लहान उद्योजक विचारतात. वर लिहिलेल्यातला खर्च मोजा: शौचालयाची एक खोली, काही दारं आणि कड्या, एक कचराकुंडी, आठवड्याचे पगार, चार पत्रं. बाकी सगळी शाई आहे. सरकारला मात्र मोठं काम आहे. पॉशप्रमाणे इथेही वार्षिक अहवाल आणि दंड हवा, आणि कामगार खात्याच्या तपासणी अर्जात तीन ओळी: तक्रार अधिकाऱ्याचं नाव, समान संधी धोरण कुठे लावलं आहे, वर्षात किती तक्रारी आल्या आणि किती दिवसांत निकाली निघाल्या. तोवर ही विचारपूस कर्मचारी संघटनांनी करावी. पुढच्या मागणीपत्रात बोनसच्या खाली हा प्रश्न घालायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही, आणि कलम ११ चा हवाला दिला की व्यवस्थापनाला लेखी उत्तर टाळणं अवघड जातं.